सुर्ल्याचे सरकारी पाळणे

पाळणा परत आलाय आणि मला घरात बसवत नाहीये.

गेला आठवडाभर तो आमच्या केरीच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीखाली आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलातल्या नेपाळी आचाऱ्याची बायको तो धुऊनपुसून परत देऊन गेली. तिच्या मुलाचे पाय आता बाहेर येतात. रंग कधीच उडालाय, पण एका कठड्यावर तालुका कचेरीचा काळा नंबर अजून अर्धामुर्धा दिसतो. मी त्यात दोन उशा घालून वर चादर पांघरली आहे. तरी येता-जाता नजर जातेच. या लेखासाठी लिहायला बसते, उठते, वाळलेले कपडे काढते, परत बसते.

"नोकरीत होतीस तेव्हासुद्धा एवढ्या येरझारा घालत नव्हतीस," आमचे हे म्हणाले.

खोटं आहे. नोकरीत याहून जास्त घालत होते. मला पगारच येरझारांचा मिळायचा.

मी ग्रामसेविका होते. म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगावं लागतं. गट विकास कार्यालयाची बाई गावात राहते, घरोघर जाते, बालवाडी काढते, महिला मंडळ चालवते, धूर न होणारी चूल बांधून दाखवते, पोरांना लस टोचून घ्यायला आयांना पटवते. कागदावर असं. प्रत्यक्षात हे काम म्हणजे दुसऱ्यांच्या पडवीत बसणं. कुठल्या पडवीत आधी बसलात, कुणाकडचं पाणी प्यायलात, कुणाकडे नुसतं 'नको' म्हणालात, हे सगळं तुमच्याआधी पुढच्या घरी पोचलेलं असतं. बी.ए.च्या पुस्तकांत यातलं काही नव्हतं.

हो, मी बी.ए. आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीची पायरी चढलं नव्हतं. नाव सांगताना डिग्री सांगायची सवय मला अजून आहे आणि ती सोडायचा विचार नाही.

मी आरोंद्याची. तेरेखोल नदीच्या एका काठावर आरोंदा, दुसऱ्या काठावर किरणपाणी. माझ्या लहानपणी या काठावर हिंदुस्थान होता आणि त्या काठावर पोर्तुगीज. पलीकडे जायला परवाना लागायचा, शेवटी शेवटी तोही मिळेनासा झाला. माझे बाबा नदीवर 'तर' चालवायचे, म्हणजे होडीतून माणसं पार न्यायचे. त्यांची होडी तेव्हा काठावर उलटी पडून असायची. गोवा मुक्त झाला, होडी पुन्हा पाण्यात गेली, आणि काही वर्षांनी त्याच होडीतून बाबांनी मला माझ्या ट्रंकेसकट नोकरीसाठी पलीकडे सोडलं. आई अशी रडली की जणू मी आफ्रिकेला निघाले होते. बाबा नदीकडे बघत, वल्हं मारता मारता एवढंच म्हणाले, "न्हंय मोठी नाय गो. पण पलीकडचो माणूस तो पलीकडचोच, ह्या ध्यानात ठेव."

माझी नेमणूक डिचोली तालुक्यात, सुर्ल्याला झाली. खाणींचा गाव. झाडांची पानंसुद्धा लाल. गावातल्या जुन्या, मोठ्या घराच्या आनंदीकाकींनी मला त्यांच्याकडची एक खोली दिली. काकी विधवा, शेतीभाती बघणाऱ्या, गावात त्यांच्या शब्दाला वजन.

परक्या मुलुखात गेलेले लोक सांगतात की तिथलं जेवण वेगळं, देव वेगळे, म्हणून जीव रमत नाही. माझं दुखणं उलटं होतं. इथे सगळं सारखंच होतं. तीच उकड्या तांदळाची पेज, तोच बांगडा, तीच दारची तुळस. सगळं सारखं असलं की उरलेला थोडासा फरकच टोचत राहतो. मी आमटीत तिरफळं दोन जास्त टाकली की काकी विचारायच्या, "तुमगेर अशें करतात?" त्या 'तुमगेर'मध्ये, 'तुमच्याकडे'मध्ये, अख्खी नदी असायची. विहिरीवर बायका माझी ओळख एकमेकींना करून द्यायच्या: "ही भायली." बाहेरची. वाईट अर्थाने नव्हे. पोस्टमनला पोस्टमन म्हणतात तसं. आणि मग लगेच, "परत केन्ना वतली?" परत कधी जाणार? जणू मी पाहुणी होते आणि फार राहिले होते.

मीही कपडे फळीवर लावले नाहीत. ट्रंकेतून काढायची, ट्रंकेत ठेवायची. झाकण बंद करून.

महिला मंडळ नावाला होतं. ते चालवायचं तर त्यात कोण कोण? काकींसारख्या गावच्या घरंदाज बायका. इझाबेलबाय, जिचा नवरा बोटीवर होता आणि जी पुढच्या खिडकीतून काडेपेट्या, साबण, पाव असलं विकायची. आणि धक्क्यावरच्या बायका. खाणीतून ट्रकांनी आणलेली माती नदीकाठच्या धक्क्यावर ओतायचे. खनिजाला तिथे मातीच म्हणत. ती पाट्यांत भरून, डोक्यावर घेऊन, हलत्या फळीवरून चालत जाऊन बार्जमध्ये, माल नेणाऱ्या सपाट बोटीत, टाकायची, हे काम बायका करायच्या. त्यात दोडामार्गाकडच्या होत्या, आमच्या बाजूच्या, आणि धारवाड-विजापुराकडूनही आलेल्या. आमच्या बाजूची शेवंती तोंडाने तिखट, आणि कानडी मुलुखातली गंगव्वा अगदी अबोल. ही दोन नावं ध्यानात ठेवा, तेवढी पुरेत.

या बायकांची तान्ही मुलं धक्क्यावरच असायची. झाड एकच होतं आणि ते सगळ्यांच्या झोळ्यांना पुरत नसे. मग उभ्या ट्रकच्या पोटाखाली, चाकांच्या मधल्या सावलीत झोळी बांधायची. ट्रक दुपारभर तिथेच उभा असतो, डायवर जेवून झोपतो, हा हिशेब.

एका दुपारी डायवर लवकर उठला.

मी तिथे होते, लसीचं सांगायला गेले होते. इंजिन सुरू झालं तेव्हा गंगव्वा फळीवर होती, डोक्यावर पाटी, खाली पाणी. तिची दोन-तीन महिन्यांची मुलगी त्या ट्रकखाली होती. शेवंती ट्रकपासून जवळ होती. ती ओरडली नाही, त्या आवाजात ऐकणार कोण? तिने डोक्यावरची भरलेली पाटी सरळ समोरच्या काचेवर घातली. काच फुटली. डायवर शिव्या देत खाली उतरला, आणि मग त्याने शेवंतीच्या बोटाच्या दिशेने खाली वाकून पाहिलं आणि तिथेच मातीत बसला. गंगव्वा सरपटत आत गेली, झोळी सोडून मुलगी बाहेर काढली, तिला पदराखाली घेतलं, तसंच दूध पाजलं आणि नंतर इझाबेलबायच्या खिडकीला झोळी बांधून, तिला त्यात ठेवून परत कामाला गेली. काम सोडून चालत नव्हतं.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने जाऊन मी डिचोलीच्या कचेरीत आमच्या साहेबांसमोर उभी राहिले. पाळणाघर हवं. खोली मी मिळवते, बाई मी नेमते, तुम्ही फक्त पाळणे द्या.

साहेब घाटावरचे, भले गृहस्थ, पण कचेरीत मुरलेले. म्हणाले, "पाळणे आहेत भांडारात. दुसरं एक गावही मागतंय. तुम्हाला देतो, महिन्याने येऊन बघतो. पाळण्यांत मुलं दिसली तर तुमचे. नाहीतर जीप रिकामी परत जाणार नाही."

मला कबूल होतं. मुलं तर होतीच, ट्रकांखाली.

आनंदीकाकींनी पडवीलगतची मोठी खोली दिली. मोबदला मागितला नाही. फक्त म्हणाल्या, "पळोवया." बघूया. मुलं सांभाळायला इझाबेलबाय तयार झाली. पाळणे आले, लाकडी चौकटींत टांगले, सहाच्या सहा ओळीने. मी धक्क्यावर जाऊन बायकांना सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. "येतंव, येतंव."

एकही आली नाही.

पुढचे दिवस मी नुसती चालत होते. सकाळी धक्का, मग खोली, परत धक्का. मला कारण ठाऊक होतं, किंवा असं मला वाटत होतं. शिकलेल्या माणसाला कारण चटकन सापडतं. यांची जात वेगळी, त्यांची भाषा वेगळी, इझाबेलबाय ख्रिस्ती, तिच्या हातचं दूध कोण पाजू देणार? मी सगळ्यांना गोळा केलं आणि माणसं सगळी सारखी यावर भाषण दिलं. ते भाषण चांगलं होतं, आजही म्हणेन. भलत्या दुखण्यावरचं औषध होतं, एवढंच. कारण त्या बायका एकमेकींची मुलं धक्क्यावर राजरोस पाजत होत्या. शेवंतीचा मुलगा गंगव्वाच्या अंगावर प्यायचा.

मग ऊन वाढलं तशा दोघी-तिघी येऊ लागल्या. मी खूश झाले. आत जाऊन बघते तर मुलं जमिनीवर. गोणपाट अंथरून, पाळण्यांच्या बरोबर खाली. वर सहा पाळणे रिकामे.

"गंगव्वा, पाळण्यात का नाही ठेवत?"

ती मान खाली घालून हसली. "जमीन चांगला, अक्का."

तेवढ्यात काकींची लहान नात आत आली आणि तिने खेळता खेळता पहिल्या पाळण्याला झोका दिला. शेवंती खोलीच्या त्या टोकाहून धावली आणि दोन्ही हातांनी पाळणा धरून थांबवला.

"रिकामो पाळणो हलयतंस कित्याक गो! कोणाच्या मुळावर उठलंस?"

पोर रडायला लागली. दारात काकी आल्या होत्या. मला वाटलं आता मोठं भांडण होणार. पण काकींनी नातीलाच एक धपाटा घातला आणि म्हणाल्या, "बरें केलें शेवंती तुवें."

मी मधे उभी. "कुणीतरी मला सांगाल का काय चाललंय ते?"

"बाय, तू आमच्याच बाजूची," शेवंती म्हणाली. "तुका सांगूक व्हया? तुझ्या आवशीन तुका कोणाच्या पाळण्यात निजयला?"

आजीने आणलेल्या. आईच्या माहेरून आला होता, नारळ आणि तांदूळ घालून. अर्थात ठाऊक होतं मला. पहिला पाळणा माहेरचा, आणि तो रिकामा दारातून येत नाही, रिकामा हलत नाही. पण ते घरातलं झालं. सरकारच्या कामात ते लागू पडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पाळणो येवक व्हयो म्हायेरासून. ह्यो खंयचो? सरकारचो," शेवंती हात नाचवत म्हणाली. "सरकार काय माझी आवस? एक नाय, दोन नाय, सहा पाळणे रिकामे हाडून टांगल्यात हिणी एका खोलीत."

इझाबेलबाय कोपऱ्यातून म्हणाली, "आमगेरूय पाळणो कुळारचोच येता हां. पाद्रीक विचार."

गंगव्वा हळूच म्हणाली, "आमच्यात पण. तवरमनी देते पाळणा." कुळार, तवरमनी, म्हायेर. तिघींनी तीन शब्द वापरले आणि तिघी एकमेकींकडे बघून माना हलवू लागल्या. माझ्या भाषणाने जे झालं नव्हतं ते हे.

"मग तुमच्या माहेरी कळवा," मी म्हटलं.

शेवंती हसली. "आवशीक कळवतंय हां. ती येतली डोक्यार पाळणो घेवन दोडामार्गासून चलत."

गंगव्वा म्हणाली, "अव्वा मेली, अक्का. तवरमनी बंद."

साहेब यायला आठवडा उरला होता. मी खोलीत इकडून तिकडे फिरत होते आणि बोलत बोलतच मला सुचलं. पाळणे आहेत, बायका आहेत. या पाळण्यांना कुणीतरी माहेर मिळवून दिलं म्हणजे झालं. हिने तिचं माहेर व्हायचं, तिने हिचं. एक एक पाळणा आपापल्या घरी न्यायचा आणि तिथून, रीतसर, माहेरच्यासारखा इथे आणायचा. साहेब येतील त्या सकाळी.

शेवंतीने टाळी दिली. इझाबेलबाय म्हणाली, "शेवंतीचें कुळार हांव. ती म्हजे आवयसारकीच तोंडाळ."

"मी तुझ्या आवशीसारखी? मगे तू माझी आवस कशी जातलंस गो?"

सगळ्या हसल्या. काकी हसल्या नाहीत. त्या दारातून आत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सेविकाबाय, तूं हें साहेबाक दाखोवपाक करता?"

"मुलांसाठी करतेय, काकी."

"आयक. एक फावट कुळार म्हळें म्हणजे जल्मभर कुळार. चवथीक वजें धाडचें पडटा. दुयेंत पडली जाल्यार वचचें पडटा. साहेब वतलो जीपींतल्यान. ह्यो हांगाच उरतल्यो." वजें म्हणजे चवथीला, गणेशचतुर्थीला, माहेराहून मुलीकडे जाणारी फळांची, खाज्यांची टोपली; आणि दुयेंत म्हणजे आजारी. टोपली चुकली तर गावभर होतं. "हो खेळ न्हय. खेळ जाल्यार म्हज्या घरांत नाका."

माझ्या डोक्यात तो एका सकाळचा कार्यक्रम होता. काकींनी त्याला आयुष्य लावलं. मला वाटलं, आता या बायका मागे सरणार. कोण घेईल असलं लचांड गळ्यात? पण काकींच्या त्या बोलण्यानेच ते खरं झालं. बायका गंभीर झाल्या आणि बसून ठरवू लागल्या, कोण कुणाचं. काकींनी स्वतः एक कानडी पोरगी घेतली. वाडीतल्या आणखी तिघी आल्या. कुणी कुणाच्या मुलाकडे बघत होतं, कुणी हाताकडे. लग्नं जुळवावीत तसं चाललं होतं.

शेवटी गंगव्वा उरली. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, माणसंच संपली होती.

"बाय, तू," शेवंती म्हणाली.

"मी? माझं लग्न झालेलं नाही."

"म्हायेर होवक लगीन कित्याक व्हया? मावशी आसता मा."

"मी इथली नाही शेवंती. उद्या बदली झाली तर..."

हे बोलले आणि माझं मलाच कसंतरी झालं. ती तरी कुठे इथली होती? गंगव्वा माझ्याकडे बघत नव्हती. मुलीच्या मुठीतून आपलं मंगळसूत्र सोडवत होती, सावकाश, जणू तिला काहीच ऐकू येत नाही.

"म्हायेर पळान जाता काय खंय?" शेवंती म्हणाली. "जिथे जातलंस थंय तिचा म्हायेर. सोपा आसा."

सोपं नव्हतं. पण मी हो म्हटलं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी पाळणे चौकटींवरून काढून ज्याच्या त्याच्या घरी गेले होते. माझा माझ्या खोलीत. आता त्यात घालायला वरवंटा हवा. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, कुंची घालून, कुंकू लावून. त्याला गोप्या म्हणतात. पाळण्याला पहिलं ओझं दगडाचं, म्हणजे जे काही वाईट व्हायचं ते दगडाला होऊ दे. गंगव्वाकडे त्यालाच गुंडप्पा म्हणत. पण माझ्याकडे स्टो होता, दोन पातेली होती आणि बी.ए.ची सनद होती. वरवंटा नव्हता. एकट्या बाईने कशाला ठेवावा?

दार वाजलं. आनंदीकाकी. हातात त्यांच्या स्वयंपाकघरातला वरवंटा, घासून धुतलेला, तरी खोबऱ्याचा वास येणारा.

"सांजेक परत हाडून दी," त्या म्हणाल्या. "हुमणाचें वाटप आसा." माशाच्या आमटीचं वाटण.

मग आम्ही निघालो. वाडीच्या वेगवेगळ्या घरांतून डोक्यावर पाळणे घेतलेल्या बायका बाहेर आल्या आणि वाटेवर एकत्र झाल्या. आतमध्ये टोपडं घातलेले दगड, नारळ, मूठभर तांदूळ. इझाबेलबायच्या पाळण्यात दगड नव्हता. बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला, सकाळीच पदेराने, पाववाल्याने, दिलेला उंडा होता, गोल, वरून कडक, आत मऊ, अजून गरम.

"ह्या काय गो?" शेवंतीने दारातून विचारलं. धक्क्यावरच्या आया आधीच येऊन, मुलं कडेवर घेऊन, लेकींसारख्या दारात उभ्या होत्या.

"आमच्यांत फातर दवरिनात. हांवें उंडो हाडला."

"माझो झील पावार वाढतलो?"

"पाव मोव आसता. तुजो फातर तुजे कडेनच दवर, जिबेर."

आणि याच वेळी जीप आली.

साहेब उतरले. समोर डोक्यावर पाळणे घेतलेल्या बायका, पाळण्यांत दगड, एकीच्या पाळण्यात पाव, दारात हसणाऱ्या आणि डोळे पुसणाऱ्या बाया. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई," ते मला म्हणाले, "मुलं कुठायत?"

"जरा थांबा साहेब. आधी गोप्या, मग मुलं."

मी तेव्हा डोक्यावरचा पाळणा उतरवत होते. गंगव्वाने पुढे होऊन तो माझ्याबरोबर धरला. दोघींनी मिळून तो चौकटीत टांगला. तिने वरवंटा उचलून माझ्या हातात दिला आणि मुलीला आत ठेवलं. मुलगी किंचाळून रडू लागली. नवीन लाकूड, नवीन वास. साहेब माझ्याकडे बघू लागले. गंगव्वाने तिला उचललं, झोळीचं ते जुनं, लाल मातीत मळलेलं लुगडं आत घडी करून अंथरलं, मुलीला परत ठेवलं आणि मला म्हणाली, "तू हालव, अक्का. पहिला झोका तवरमनीचा."

मी हलवला. मला अंगाई येत नव्हती, मी काहीतरी पुटपुटले. बाबा होडीत म्हणायचे ते असावं. मुलगी उचक्या देत देत झोपली.

साहेब दारातच उभे होते. बूट काढून आत आले. जाताना म्हणाले, "त्या दुसऱ्या गावाला मी भांडारातून नवीन मागवून देतो," आणि जीप रिकामी गेली.

काकींचा वरवंटा मी संध्याकाळी परत केला. त्यांनी तो हातात घेतला आणि विचारलं, "खोलयेंत फळी आसा न्हय? कपडे ट्रंकेंत कित्याक दवरता?" मी खोलीत गेले आणि कपडे फळीवर लावले.

पुढचं सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. पाळणाघर चाललं, अनेक वर्षं चाललं. काकींचं बोलणंही शब्द न् शब्द खरं ठरलं. चवथीला वजें गेलंच पाहिजे! सुट्टीत आरोंद्याला जायच्या आधी मी गंगव्वाच्या झोपडीत टोपली नेऊन द्यायची. एका वर्षी इझाबेलबाय आणि शेवंतीचं असं भांडण झालं की दोघी बोलेनात, तरी वजें गेलं. इझाबेलबायने खिडकीतून ढकललं आणि शेवंतीने तोंड फिरवून घेतलं. माझी बदली पेडण्याला झाली, लग्न होऊन मी केरीत आले, तरी टोपली घेऊन बस बदलत सुर्ल्याला जायची. सासरी हसायचे. "हिला नदीच्या पलीकडे माहेर, आणि डिचोलीत लेक!"

मग धक्क्यावर यंत्रं आली. एक लांब पट्टा फिरायचा आणि दिवसभरात बार्ज भरायचा. फळीवर कुणी दिसेनासं झालं. शेवंती गावी गेली. पाळणाघरात मुलं उरली नाहीत आणि पाळणे भांडारात परत जायला हवे होते, पण ते मागायला कुणी आलं नाही, आणि कुणी आलं असतं तरी बायकांनी दिले नसते. माहेरची वस्तू कोण परत देतं?

गंगव्वा केरीला आली ती पाळणा घेऊनच. बसच्या टपावरून. नवऱ्याला होसपेटकडे काम लागलं होतं. मुलगी बरोबर होती, परकरातली, लाजरी, तिच्या कपाळावर झोळीच्या दोरीचा जुना व्रण. "तिकडे मी नेत नाय," गंगव्वा म्हणाली. "तवरमनीत ठेवते. पुन्हा लागलं तर येते."

ती पुन्हा आली नाही. पत्ता नव्हता, लिहिता तिला येत नव्हतं. कितीतरी चवथींना मी टोपली भरायला घेते आणि मग आठवतं की पाठवायची कुठे. ती मुलगी आता आजी होण्याच्या वयाची असेल. तिला कुणी सांगितलं असेल का की समुद्रकाठच्या एका गावात तिचं आजोळ आहे, आणि तिथे एक बाई अजून येरझारा घालते?

तेव्हापासून पाळणा घरात रिकामा असला की मला बसवत नाही. म्हणून तो फिरतो. केरीत आता कुठकुठून माणसं येतात. एकदा तो एका रशियन मुलीकडे गेला, तिने त्याला निळा रंग दिला आणि मला फार राग आला, आणि नंतर तो निळा रंग उडाला याचंही वाईट वाटलं. मग नेपाळी बाईकडे गेला. आता परत आलाय.

एवढं लिहून झालं तेवढ्यात आमचे हे बाजारातून आले. किनाऱ्याच्या वाटेवर, माडांमागच्या खोल्यांत झारखंडकडचं एक जोडपं राहतं, नवरा हॉटेलात भांडी घासतो. बायको काल पेडण्याच्या दवाखान्यातून बाळ घेऊन आली. जमिनीवरच निजवलंय.

मी उठले.

"जेवून जा," हे म्हणाले.

"वरवंटा द्या आधी."

रिक्षावाल्याने पाळणा मागच्या सीटवर आडवा ठेवला आणि वरवंट्याकडे बघून विचारलं, "मावशी, हें कितें?" मी सांगितलं. तो सबंध वाटेत खड्डे चुकवत गेला.

खोलीत अंधार होता. मुलगी वीस-एकवीसची, पदर डोक्यावर, बाळ मांडीवर. मी पाळणा ठेवला, कुंची घातलेला दगड तिला दाखवला. माझी हिंदी सरकारी आणि तिची भलतीच. तिने त्या दगडाकडे पाहिलं आणि हसली. मग दोन्ही हातांनी, मानेखाली हात देऊन उचलावं तसा तो उचलला आणि माझ्या हातात दिला. तिला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा कुणीतरी फार लांब, फार आधी शिकवलं असावं.

नवरा दारात आला. तिने त्याला काहीतरी विचारलं, माझ्याकडे बोट दाखवून. तो मला म्हणाला, "पूछ रही है, आपका घर कहाँ है?"

या प्रश्नाला आयुष्यभर माझा हात आपोआप नदीच्या पलीकडे जायचा. आरोंदा. त्या काठाला.

"जवळच आहे," मी म्हटलं. "हाक मारलीस तर ऐकू येईल."